लाओयांग कुणाची?

कोपऱ्यावरच्या चिनी बेकरीत आपल्याला खास मान आहे, असं शिवणवाल्या बाईंचं ठाम मत होतं. बाईंचं दुकान बेकरीला लागूनच. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या आणि दुपार कलली की मशीनवर फडकं टाकून शेजारी जायचं. दारात पाऊल पडलं की काउंटरवरची बेकरीवाली भटारखान्याकडे तोंड करून हाक द्यायची, "लाओयांग." लगेच आतून तिचा नवरा तिळाचा गरम बन आणि नूडल्सचा डबा पुढे सरकवायचा. बाकीची गिऱ्हाइकं ट्रे आणि चिमटा घेऊन काचेच्या कपाटापुढे ताटकळत. बाई तेवढ्यात मान वाकडी करकरून कोणी काय घेतलंय ते बघून घेत.

लाओयांग म्हणजे थोरली बहीण, हा अर्थ बाईंनी आपला आपणच लावला होता. विचारायचं काय त्यात, सुरावरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत कोणी बेकरीचं नाव काढलं, की "तिथे मी घरचीच" हे वाक्य ठरलेलं.

मग वरच्या मजल्यावर एक नर्स राहायला आली. हसरी, बोलघेवडी, केसांत पेन खोचून हिंडणारी. महिनाभरात ती बेकरीवालीशी अशी खिदळू लागली, की बाईंच्या पोटात दुखायला लागलं. बनपेक्षा अंड्याचे टार्टच कसे चांगले, हे ती सगळ्या रांगेला सांगत सुटायची. तेवढंही बाईंनी गिळलं. पण एकदा नर्स दारात आली, मागोमाग बाई, आणि बेकरीवालीने नर्सकडे बघून आत हाक दिली, "लाओयांग."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काही न घेता त्या तशाच माघारी फिरल्या. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी उलटी जोडली. घरी नवऱ्याने विचारलं, "अगं, बन आणायला जातेस की सवत बघायला?" त्यावर त्याला नुसता भात मिळाला.

पुढे बाई लांबच्या बेकरीत जाऊन बघून आल्या. तिथला बन चामट होता, पण खरं दुखणं ते नव्हतं. तिथे आत शिरल्यावर कोणी मानसुद्धा वर केली नव्हती. शेवटी न राहवून त्या शेजारी गेल्या आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"लाओयांग माझं नाव आहे. तू तिला का दिलंस?"

बेकरीवाली गोंधळली. मग तिला हसू आवरेना.

"नाव नाही ते. लाओयांग म्हणजे नेहमीचंच. आत सांगते, नेहमीचं द्या. तुमचा बन, तिचे टार्ट."

बाईंचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं ज्या हाकेवर त्या फुलत आल्या, ती हाक बनला होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "मग मला काय म्हणता तुम्ही? आपसात?"

बेकरीवालीने नजर चुकवली. भटारखान्यातून नवराच म्हणाला, "दुसऱ्याच्या डब्यात बघणारी."

"अहो," बेकरीवाली कानापर्यंत लाल झाली. "मावशी, ते चेष्टा करतात. रागावू नका."

बाई रागावल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

"आणि त्या नर्सला काय म्हणता?"

"तिला?" बेकरीवालीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने खांदे उडवले. "तिला काही नाही. नर्स."

"नुसतं नर्स?"

"नुसतं नर्स."

बाईंनी पदर सारखा केला. "बन दे," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या ट्रेमध्ये काय आहे ते खुशाल वाकून बघितलं.