विचारून वाळवलेला जवळा

लग्न होऊन मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका हाकेने मला बुचकळ्यात टाकलं. सकाळी अंगणात ऊन आलं की शेजारची मावशी डोक्यावर जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, पाटी घेऊन यायची आणि दाराकडे न बघताच ओरडायची, "टाकू गो वयनी?" सासूबाई ओट्यापाशी असोत नाहीतर न्हाणीघरात, तिथूनच म्हणायच्या, "टाक गो!" तोवर निम्मा जवळा जाळ्यावर पसरूनही झालेला असायचा.

मी साताऱ्याकडची. एकदा न राहवून मी सासूबाईंना म्हटलं, "रोज त्या तेच विचारतात, रोज तुम्ही तेच सांगता. मग विचारायचं तरी कशाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या अख्ख्या माहेराचा उद्धार झाला. "इचारल्याबिगर दुसऱ्याच्या दारान कोन पाय ठेवल?" त्या म्हणाल्या.

ते अंगण म्हणजे पूर्वीचं भाताचं खळं. नवं शहर आलं, शेतं गेली, भात गेला, खळं तेवढं राहिलं. त्यावर कोबा घातला होता. मावशीचं घर मागच्या बोळात, तिथे ऊन म्हणून यायचं नाही. नवऱ्यामागे तिचं सगळं या वाळलेल्या जवळ्यावर चालायचं आणि जवळा आमच्या अंगणावर. आभाळ भरून आलं की घरात जो असेल तो धावायचा. ऑफिसला निघालेली मीसुद्धा ओढणी कमरेला खोचून जवळा गोळा केला आहे आणि दिवसभर बेलापूरच्या एसी ऑफिसात त्या वासासकट बसले आहे. बाजूच्या टेबलवालीने खिडकी उघडली तरी मला त्याचं काही वाटायचं नाही.

मग आमच्या घरावर मजले चढले आणि भाडेकरू आले. त्यांना गाड्यांना जागा हवी होती आणि वास नको होता. माझा नवरा वाईट माणूस नाही. लहानपणी याच मावशीच्या हातचं कालवण खाऊन तो वाढला. पण "डोक्याला टेन्शन नको" हे त्याचं आवडतं वाक्य, आणि त्या वाक्यापायी त्याने अंगणाला भिंत घालून गेट बसवायचं ठरवलं. मावशी पहिल्यांदा हसली. तिला ती थट्टाच वाटली. विटांचा टेम्पो आला तेव्हा तिचा मुलगा वकिलाकडे गेला आणि त्याने आईच्या नावाने दावा लावला. जागा तुमची असेल, पण वाळवण घालायची आमची वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, ती अडवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. भिंत थांबली. मला मनातून बरं वाटलं.

आमच्या वकिलांचं ऑफिस बेलापूरला. त्यांनी सासूबाईंना भेटायला बोलावलं, तेव्हा त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. मावशी काय बाई आहे हे एकदा त्या शहाण्याच्या कानावर घातलं, की तोच आपल्या लेकाला भिंत नको म्हणून सांगेल, अशी त्यांची खात्री होती. सोबत मी होते.

"ती काय अशीतशी बाय नाय," सासूबाई खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या. "इतकी वरसं झाली, पन एक दिस कदी न इचारता टाकलं नाय तिनं."

वकिलांचं पेन थांबलं. "रोज विचारायच्या?"

"रोज. आजारी होती तरी भाईरून हाक मारायची."

"आणि तुम्ही?"

"मी टाक म्हनायची. दुसरं काय म्हननार?"

"मग झालं आपलं काम," वकील खूश होऊन म्हणाले. ते मला समजावून सांगू लागले. हक्क समजून वर्षानुवर्षं वापरली तर ती वहिवाट. मालकाला विचारून वापरली तर ती नुसती परवानगी, आणि परवानगी कधीही काढून घेता येते.

सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. रिक्षात मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ती उरमट असती तं जिंकली असती?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्यांनी साक्ष द्यायला साफ नकार दिला. लेकाशी बोलणं टाकलं. वकील म्हणाले, हरकत नाही, त्या बाईंनाच विचारू. मावशीला तिच्या वकिलाने पढवलं होतं, की परवानगीचं विचारलं तर नाही म्हणायचं. उलटतपासात तोच प्रश्न आला. मागच्या बाकावर सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताठ होऊन म्हणाली, "इचारूनच टाकायची. आमाला वलन हाय."

भिंत झाली. गेट झालं. कायदा मला ऑफिसच्या कामात रोज भेटतो, त्याच्यावर माझा राग नाही असं मी स्वतःला सांगते. पण राग आहे. बेधडक घुसणाऱ्याला जागा आणि दारात थांबणारीला रस्ता, हे मला अजून पचलेलं नाही. मावशी आता जेट्टीच्या वाटेवर, गाड्यांच्या धुळीत जवळा घालते. आमच्या अंगणात गाड्या नीट रांगेत उभ्या असतात आणि सकाळ मुकी जाते.

यंदा गौरी गेल्या त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, चल. मी करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्या मागे गेले. मावशीचं दार उघडंच होतं. ती आत जाळं शिवत बसली होती. सासूबाई उंबऱ्याशी थांबल्या.

"येऊ गो?"

मावशीने मान वर केली नाही. जाळ्याची गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"ये," ती म्हणाली. "पन इचारू नको, वयनी. इचारलं का हक ऱ्हात नाय."

सासूबाईंचा एक पाय पुढे झाला आणि मागे आला. न विचारता आत जायचं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मी डबा धरून मागे, आणि त्या तिथेच, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.