हवेत पोहू नका

नापास झालेल्या मुलांना मी इतकी वर्षं जे जे सांगत आले, ते सगळं त्या दुपारी एका माणसाने मला हिंदीत सांगितलं. मन लावून करा, घाबरू नका, पुन्हा प्रयत्न करा, होऊन जाईल. कामोठ्यात माझा अकरावी-बारावीचा भौतिकशास्त्राचा क्लास आहे. त्यामुळे या वाक्यांचा खरा अर्थ मला चांगलाच ठाऊक होता. अर्थ असा, की तुम्हाला अजिबात जमलेलं नाही.

तो माणूस माझा स्कायडायव्हिंगचा प्रशिक्षक होता. सैन्यातून निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. उत्तरेत मोहरीच्या शेतांमध्ये एक जुनी धावपट्टी आहे, तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बसलो होतो. समोर लॅपटॉपवर माझ्याच उडीचा व्हिडिओ चालू होता. त्यात मी आकाशातून पडत होते आणि पडता पडता मागे मागे घसरत होते. माझ्या दोन्ही बाजूंना मला धरून असलेले दोन प्रशिक्षकही, तो आणि त्याचा जोडीदार, माझ्यासोबत फरफटत होते.

"ये क्या कर रहे हो, मॅडम?" त्याने पडद्यावर माझ्या पायांवर बोट ठेवलं. "आप तैर रहे हो. हवा में तैरना नहीं है."

मी पोहत होते, हे खरंच होतं. पोहणं माझ्या अंगात लहानपणापासून आहे. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं. वडिलांची भातशेती होती आणि थोडी मिठागराची जमीन. आता त्या सगळ्यावर विमानतळ उभा आहे. मी पाचसहा वर्षांची असताना बाबांनी मला भरतीच्या वेळी खाडीत सोडलं आणि म्हणाले, "पान्याशी भांडू नको, बाय." मी भांडले नाही. पुढे नोकरी-लग्न झाल्यावर एकदा मालवणला फिरायला गेलो, तिथे पर्यटकांसाठी असते तशी स्कूबाची एक डुबकी मारली आणि वर आले ती तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचा नंबर घेऊनच. एकेक परीक्षा देत गेले. एकदाही नापास झाले नाही. आमच्या गटात सगळ्यांच्या टाकीतली हवा संपत यायची तेव्हा माझी अजून शिल्लक असायची. त्या बाई म्हणायच्या, "तुम्ही पाण्यात असल्यासारख्या वाटतच नाही, पाणीच वाटता." त्याचा मला गर्व होता, नाही कशाला म्हणू?

मग एके दिवशी क्लासमध्ये मी वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग शिकवत होते. वस्तू पडत राहते, वेग वाढत राहतो, पण हवेचा विरोधही वाढतो आणि शेवटी वेग एका जागी येऊन थांबतो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तेव्हा कसं वाटतं? म्हणजे वेग वाढायचा थांबतो ते कळतं का?" मी म्हटलं, कळत नाही. मग मनात आलं, मला काय ठाऊक? फळ्यावर इतक्यांदा ते गणित सोडवलं, पण मी कधी पडलेच नव्हते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बँकेतून नुकताच घरी आला होता, बूट काढत होता. "तुला पाणी पुरत नाही का?" एवढंच तो म्हणाला. बाबा पनवेलजवळ करंजाड्यातल्या आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना समजावून सांगायला वेळ लागला.

"म्हंजे विमान बिगडलेलं हाय?"

"नाही बाबा, चांगलं असतं."

"चालू हाय? मंग त्यातून उरी कशाला मारायची?"

मी वैतागून वर निघून आले.

तर मी तिथे गेले ती स्वतःला शहाणी समजून. स्कूबा येतं म्हटल्यावर निम्मं काम झालंच आहे, असं माझं गणित. दोन्हीकडे मनगटावर यंत्र, तिथे खोली दाखवणारं, इथे उंची. दोन्हीकडे पाठीवर ओझं, बोलता येत नाही म्हणून हातांच्या खुणा, आणि जिवाचा भरवसा एका पट्ट्यावर. जमिनीवरच्या तासांना मीच सगळ्यांत पुढे होते. इतरांच्या शंकाही मीच निरसायचे. प्रशिक्षक शांतपणे बघत राहायचा.

विमानाचं दार उघडलं तेव्हा मी घाबरले, पण तेवढं अपेक्षितच होतं. पाण्यात काही बिघडलं तर आम्हाला शिकवलेलं असतं, की थांब, श्वास घे, विचार कर, मग हात हलव. उडी मारल्याबरोबर माझ्या डोक्याने तेच सुरू केलं. थांबले. श्वास घेतला. विचार करायला लागले. आणि विचार पुरा व्हायच्या आत प्रशिक्षक माझ्या तोंडासमोर दोन बोटं सरळ धरून जोरजोरात हलवत होता. पाय लांब कर, अशी ती खूण. मी त्याला अंगठा आणि तर्जनी जोडून पाण्यातली खूण दाखवली. सगळं ठीक आहे. पॅराशूट शेवटी त्यानेच माझा हात धरून उघडायला लावलं.

चूक काय होत होती, ते मला व्हिडिओ बघताक्षणी कळलं. हेच जास्त चीड आणणारं होतं. पाण्यात आम्ही आडवे राहतो, हात पुढे आणि पाय गुडघ्यातून वर दुमडलेले, म्हणजे तळाची वाळू उडत नाही. हवेत तेच केलं की वारा हातांवर जास्त लागतो आणि पायांवर कमी, पुढची बाजू उचलली जाते आणि माणूस मागे घसरतो. मी कागदावर बाण काढून प्रशिक्षकाला समजावूनसुद्धा दिलं. त्याने कागद बघितला, हसला आणि म्हणाला, "बढ़िया. अब यही पैरों को बताइए."

पायांना ते सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी मी पाय इतके ताठ केले की आम्ही तिघेही गोल फिरायला लागलो. माझ्याबरोबर शिकणारा एक जाडजूड कापड व्यापारी, ज्याला पोहताही येत नव्हतं, तो ही उडी पास होऊन पुढच्या पायरीवर गेला. त्याने मला धीर द्यायला चहा आणून दिला. तो चहा मी तसाच गार होऊ दिला.

मग धुकं आलं. सकाळी सगळे तयार होऊन बसायचे, हेल्मेट मांडीवर, आणि समोरची धावपट्टीसुद्धा दिसायची नाही. दुपारी धुकं विरलं की वारा सुटायचा. समुद्रावर वारा असला तरी खाली शांत असतं, एकदा पाण्याखाली गेलं की वरचं वादळ वरच राहतं. इथे तसं काही नाही. नुसतं बाकावर बसून वारा दाखवणाऱ्या, खांबावरच्या पिशवीकडे बघत राहायचं. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आणि मी अर्धवट कोर्स टाकून पनवेलला परत आले.

घरी माझा सराव सुरू झाला. हॉलमध्ये स्टुलावर पोट टेकवायचं, छाती-मान वर, हात बाजूला, पाय मागे लांब, आणि कंबर खाली ढकलून शरीराची उलटी कमान करायची. नवरा सोफ्यावर बसून घटत्या उंचीचे आकडे ओरडायचा. त्याचा आवाज बातम्या वाचल्यासारखा.

"जरा घाई असल्यासारखं ओरड ना!"

"अगं, तू स्टुलावर आहेस."

एकदा याच अवस्थेत असताना शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या. दार उघडंच होतं. त्या वाटी ठेवून तशाच मागे फिरल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत माझी कंबर धरल्याची बातमी पसरली. खाली बाबांकडे तीन जणी तेल घेऊन आल्या. आणि वरून, अगदी आमच्या गच्चीवरून जावं तशी, विमानं जात होती. आवाज आला की माझे पाय आपोआप ताठ व्हायचे. झोपेतसुद्धा व्हायचे, असं नवरा म्हणतो.

परीक्षा संपल्यावर मी पुन्हा गेले. पहिल्याच उडीत पाय पुन्हा दुमडले गेले. व्हिडिओ लावायला प्रशिक्षकाने लॅपटॉप उघडला, तो मी बंद केला.

"मला दिसलंय. दाखवू नका."

तोही वैतागला होता. म्हणाला, "तुम्ही काही महिने समुद्रात जाणं सोडा. शरीर गोंधळलंय."

"समुद्र का सोडू? तिथे मला येतं. इथेच काही येत नाहीये!" मी किती मोठ्याने बोलले ते शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवल्यावर कळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही राग येत होता.

त्याने लॅपटॉप बाजूला सरकवला. मग त्याने वेगळंच विचारलं. "पाण्यात तुम्ही ओरडता?"

"पाण्यात कोण ओरडतं? तोंडात नळी असते."

"तेच. तुम्ही वर तोंड मिटून असता. श्वास मोजता. त्याने सगळं अंग आखडतं. उद्या बाहेर पडलात की ओरडा. काहीही ओरडा."

स्कूबात श्वास म्हणजे सगळं काही. श्वास घेतला की शरीर तसूभर वर येतं, सोडला की तसूभर खाली जातं, हातपाय न हलवता माणूस एका जागी तरंगत राहू शकतो. इतकी वर्षं मी तेच साधत आले होते. हवेत माझ्या श्वासाला कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारातून बाहेर पडले आणि ओरडले. तोंडातून काय यावं, तर आमच्या गावात मिठागरावर बायका एकमेकींना द्यायच्या ती शिवी. पूर्ण, आईबापासकट. ती संपली तशी दुसरी. छातीतली सगळी हवा बाहेर गेली, कंबर आपोआप खाली गेली आणि पाय कधी लांब झाले ते कळलंही नाही. दोन्ही प्रशिक्षकांनी मला सोडलं. माझा प्रशिक्षक समोर होता, हाताच्या अंतरावर, आणि मी त्याच्यापासून दूर जात नव्हते. उजवीकडे वळले, डावीकडे वळले, उंची बघितली, कमरेमागची पॅराशूटची मूठ स्वतः शोधली आणि ओढली.

पॅराशूट उघडल्यावर इतकी शांतता झाली की कानांतल्या शिरांमधून रक्त वाहत असल्याचा आवाज यावा. पडताना वेग वाढायचा थांबल्याचं कळतं का, तर नाही, मला काही कळलं नव्हतं. माझ्याच शिव्यांमध्ये ते राहून गेलं.

खालून रेडिओवर सूचना येत होत्या. शेवटची सूचना, जमीन जवळ आली की दोन्ही दोऱ्या खाली ओढायच्या म्हणजे वेग मोडतो, ती यायच्या आधीच मी ओढल्या. पाण्यात तळाजवळ जाताना आधीच श्वास घ्यावा लागतो, कारण शरीर उशिरा ऐकतं. ती सवय. पॅराशूट मात्र लगेच ऐकतं. ते दुमजली घराच्या उंचीवर थबकलं आणि मग मला घेऊन धपकन खाली आलं. डाव्या घोट्यातून कट्कन आवाज आला.

प्रशिक्षक धावत आला. माझा बूट सोडवता सोडवता म्हणाला, "उडी पास झाली, मॅडम." मी त्याला तिसरी शिवी दिली असती, पण त्याचा चेहरा खरोखर आनंदी होता.

घोट्याला बारीक तडा गेला होता. नवरा विमानतळावर घ्यायला आला, व्हीलचेअर ढकलत मला गाडीपर्यंत घेऊन गेला. घर जवळ आल्यावर फक्त म्हणाला, "प्लास्टरला पाणी लागू द्यायचं नाही ना? म्हणजे आता दोन्ही बंद." बाबांनी प्लास्टरवर बोटाने टकटक करून पाहिलं आणि विचारलं, "मजा आली का?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "थोडी." ते म्हणाले, "येवढ्यासाठी थोरी?" आणि चहा टाकायला उठले.

क्लास मी खुर्चीत बसून घेतला, पाय दुसऱ्या खुर्चीवर. फळ्यावर लिहायला मुलांना पाठवत होते. त्यांची अक्षरं, त्यांच्या चुका, त्यांचं खिदळणं, सगळ्यावर मी खेकसत होते. प्लास्टर निघालं तोवर पावसाळा लागला आणि समुद्र बंद झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो. पाणी स्वच्छ होतं, खडकाखाली एक मोठं कासव झोपलेलं. मी त्याच्यासमोर तरंगत राहिले. हात पुढे, पाय दुमडलेले, सगळं जागच्या जागी. शरीराने काही विसरलेलं नव्हतं. पण माझं लक्ष मात्र सारखं मनगटाकडे जात होतं. इथे घाई करायचं काहीच कारण नव्हतं आणि मला घाई झाली होती. वर आल्यावर बाईंनी विचारलं, "बरं नव्हतं का? हवा बरीच वापरलीत." मी घोट्यावर ढकललं.

परत आल्यावर प्रशिक्षकाला फोन लावला. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पुढच्या उडीला कधी येऊ, असं विचारलं.

तो जरा अडखळला. "मॅडम, बहुत गॅप हो गया." इतके महिने गेले की नियमाप्रमाणे पुन्हा जमिनीवरच्या तासांपासून बसावं लागतं. पास झालेली उडीही पुन्हा दाखवावी लागते, आणि तीही दोघांनी धरून.

"म्हणजे मी केलेलं सगळं गेलं?"

"गेलं कुठे? तुम्हाला येतंय ना आता."

"मग पुन्हा कशाला?"

त्याचं उत्तर मी पुरतं ऐकून घेतलं नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काहीएक संबंध नसताना. तो कणीक मळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि विचारलं, "मग तारीख कुठली घेतलीस?"

"जानेवारीतली," मी म्हटलं. "आणि तिथे तेव्हा धुकंच असतं."