मूठभर भुसा

आमच्या इमारतीतली मुलं तिला उंदीरमावशी म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. "खोटं थोडंच बोलतात?" म्हणते. गेली एकवीस वर्षं ती एका संशोधन केंद्रात उंदरांच्या खोलीत काम करते. पिंजरे धुवायचे, लाकडाचा नवा भुसा पसरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर तारीख घालायची. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर असं नेटकं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं मी तिच्याकडे गिरवायला पाठवली असती.

माझी तिची ओळख तिच्या नातीमुळे. नात दोन वर्षं माझ्या वर्गात होती. पोरीला ऑटिझम आहे. ती कुणाशी बोलायची नाही, कुणी हात धरला की हिसडा मारायची. आणखी एक सवय होती. बाकाची कड पोटात रुतेल इतकी पुढे वाकून बसायची. मी रोज तिला सरळ बसवायची. आता आठवलं की वाईट वाटतं.

परवाच्या थंडीतली गोष्ट. दुपारी मावशी आली. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी झाली, मग कुंड्यांची.

"अगं, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?" मी म्हटलं. "काय झालंय?"

ती खुर्चीच्या टोकावर बसली. "बाई, माझ्या हातून घोटाळा झालाय."

केंद्रातल्या तिच्या डॉक्टरबाईंचा एक प्रयोग चालू होता. पोटातल्या जंतूंचा आणि चारचौघांत मिसळण्याचा काही संबंध आहे का, ते उंदरांवर बघायचं. काही उंदरांना औषध देऊन त्यांच्या पोटातले जंतू जवळजवळ संपवलेले, बाकीचे नेहमीसारखे. पिंजऱ्यात नवा उंदीर सोडला की नेहमीचे उंदीर त्याला हुंगायला धावायचे, औषधवाले आपला कोपरा सोडायचे नाहीत. एका पिंजऱ्यातलं काहीही दुसऱ्यात जाता कामा नये, हा तिथला पहिला नियम. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, आणि त्यातून जंतू पसरतात.

"नियम पाठ आहे हो मला," मावशी म्हणाली, "पण हात जुना आहे ना!"

पिंजरा बदलताना त्याच पिंजऱ्यातला मूठभर जुना भुसा नव्यात ठेवायचा, ही तिची वीस वर्षांची रीत. ओळखीचा वास असला की उंदीर बावरत नाहीत, भांडत नाहीत. पण चौदा नंबरच्या पिंजऱ्यातली बाटली गळली आणि सगळ्या भुशाचा चिखल झाला. ठेवायला काही उरलंच नाही. कोऱ्या भुशात चार उंदीर एकमेकांना चिकटून थरथरत होते.

"माझा हात शेजारच्या पिंजऱ्यात गेला. म्हटलं, कुणाचा तरी वास असू दे बिचाऱ्यांना. टाकल्यावर कळलं, हे औषधवाले, आणि शेजारचे नेहमीचे उंदीर होते."

तीन आठवड्यांनी चौदा नंबरचे औषधवाले उंदीर नव्या पाहुण्याभोवती लग्नघरासारखी गर्दी करायला लागले. डॉक्टरबाई चक्रावल्या. आठ दिवस खाणं तपासलं, पाणी तपासलं, औषध तपासलं.

"आणि मी तिथंच बाटल्या भरत उभी. चोराच्या मनात चांदणं! सांगितलं तर काढून टाकतील, आणि माझी नोकरीची दोनच वर्षं उरलीत. नाही सांगितलं तर... या उंदरांवरून उद्या पोरांची औषधं ठरायची म्हणतात. माझ्या मुठीनं झालेलं खरं धरलं, तर चुकीचं औषध माझ्याच नातीच्या पोटात जाईल, बाई."

मला सल्ला द्यायची गरजच उरली नव्हती. "मग उद्या सकाळी सांग," मी म्हटलं. "चहाच्या आधी. चहानंतर धीर जातो."

पुढचं तिनं मला दुसऱ्या दिवशी दोघींचे आवाज काढून ऐकवलं. डॉक्टरबाईंनी उभ्याउभ्याच ऐकलं आणि स्टूल ओढून बसल्या. "तारीख कोणती?" मावशीनं चिठ्ठी दाखवली. 'भुसा बदलला' याच्यापुढे बारीकसा गोल. अगदीच खोटं लिहवेना म्हणून तिनं त्याच दिवशी काढलेला.

डॉक्टरबाई हसायलाच लागल्या. "मावशी, मी आज सगळे पिंजरे बाद करणार होते! मला वाटलं औषधच फुकट गेलं. सहा महिन्यांचं काम! आता एक चौदा नंबर बाजूला काढला की झालं."

"म्हणजे मला काढणार नाही?"

"तुम्हाला काढून खरं सांगणारं कुठून आणू? पण त्याच दिवशी सांगायचं होतंत. आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही. आणि यापुढे मूठ बंद!"

तेवढ्यात मावशीनं धीर करून विचारलं, "मग माझ्या नातीला असलं काही..."

"नाही हं," डॉक्टरबाई एकदम गंभीर झाल्या. "उंदराचं ते माणसाचं असं नसतं. ऑटिझमशी पोटातल्या जंतूंचा किती संबंध आहे, आहे की नाही, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. कुणी असल्या औषधाची बाटली विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. पण मला सांगा, पोरीचं पोट साफ होतं का?"

पाचसहा दिवसांतून एकदा, मावशी म्हणाली. आणि बाकावरची सवयही तिनं सांगितली.

"दुखत असेल हो तिला. कड दाबून बरं वाटत असेल. सांगणार कशी?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलांच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, बद्धकोष्ठाचं साधं औषध दिलं, पाण्याच्या वेळा लावून दिल्या. याला आता तीन महिने झाले. नात काही बडबडी झालेली नाही. हात धरला तर अजून हिसडा देते. पण रात्रभर झोपते, आणि जेवायला हाक मारली तर येते.

चौदा नंबरचे चौघे खालच्या फळीवर आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर मावशीच्या अक्षरात लिहिलंय: 'प्रयोगाबाहेर. तब्येत उत्तम.'

काल दोघी माझ्याकडे आल्या होत्या. नातीनं माझा बटणांचा डबा टेबलावर ओतला आणि आकारांप्रमाणे रांगा लावत बसली. टेबलाच्या कडेपासून चांगली वीतभर लांब.

"बघा बाई," मावशी हळूच म्हणाली, "सरळ बसलीय."

"मी नाही हो बसवलं," मी म्हटलं.

नातीनं मान वर न करता एक बटण माझ्याकडे सरकवलं. माझ्या जुन्या कोटाचं होतं. तिच्या रांगेत बसत नव्हतं.