होडीचा वाटा

"जूनमध्ये पुनर्परीक्षा. त्यातही नापास झाली तर मुलगी पाचवीतच राहणार," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि गणिताचा पेपर माझ्यासमोर ठेवला. "वर्गशिक्षिका तुम्ही आहात. सांगा काय करायचं."

पेपर तन्वीचा होता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळे बरोबर. शाब्दिक उदाहरणं, म्हणजे गोष्ट सांगून विचारलेली गणितं, पूर्ण कोरी. एक आकडासुद्धा नाही. पास व्हायला तेवढे गुण कमी पडले होते.

तन्वीचं घर मूळचं समुद्रकाठच्या करंज्याचं. वडिलांना इकडे काम लागलं म्हणून दोन वर्षांपूर्वी ते विचुंब्याला राहायला आले. मी सुट्टीत रोज सकाळी तिचे दोन तास घ्यायचं ठरवलं. मुख्याध्यापिकांनी वर्गाची किल्लीच माझ्याकडे दिली.

पहिल्या दिवशी पाढे विचारले.

"सतरा सक?"

"एकशे दोन." क्षणाचाही वेळ न घेता.

मग एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचलं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"

त्या दोन तासांत ती पाच वेळा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी मी चिंचोके आणले, तिसऱ्या दिवशी चित्रं काढली. पाणी चालूच.

चौथ्या दिवशी मी कपाटातून तिच्या वर्षभराच्या चाचण्या काढल्या. पहिल्या चाचणीत तिने शाब्दिक उदाहरणं सोडवलेली होती. त्यातलं एक असं होतं: तीन कोळ्यांनी तीस मासे सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती मिळाले? तन्वीचं उत्तर होतं सहा. त्यावर लाल फुली आणि शेजारी माझंच अक्षर: 'नीट वाचून सोडव!'

मग मला आठवलं. पेपर वाटताना मी भर वर्गात म्हणाले होते, "तीसला तीनने भागता येत नाही आणि पाचवीत आलीस?" मुलं हसली होती. मी पुढचा पेपर हातात घेतला होता. त्यानंतरच्या एकाही चाचणीत तिने शाब्दिक उदाहरणाला हात लावला नव्हता.

"सहा कसे काढलेस गं?" मी विचारलं.

"चुकलं, बाई."

तेवढ्यात तिची आई न्यायला आली. मी तिला पेपर दाखवला. तिने उदाहरण दोनदा वाचलं.

"बाई, बरोबर काढलंय की पोरीनं!"

"अहो, तीन माणसं आणि तीस मासे. दहा-दहा नको का यायला?"

"आन होडीला?"

"होडीला?"

"होडीला एक वाटा, जाळ्याला एक वाटा, तीन मानसांचे तीन. झाले पाच. होडी काय फुकाट येते? जाळं फाटलं त कोन शिवनार? आमचे करंज्याला असंच हाय."

"सुट्टीत आजाच्या होडीवर वाटे मीच घालते," तन्वी म्हणाली. पाणी मागणं सोडलं, तर त्या चार दिवसांत ती आपणहून बोलली असं हे पहिलं वाक्य.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलंच नाय."

आमच्या घरात शिकणारी मी पहिली. माझ्या वह्या बघायला घरी कुणी नव्हतं. बाईंचा लाल पेन म्हणजे शेवटचा शब्द, असं मानतच मी वाढले आणि तोच पेन हातात घेऊन शिक्षिका झाले. त्या दिवशी मी फुलीखाली लिहिलं, 'चूक बाईंची.'

तन्वीने ते निरखून पाहिलं. "आता मार्क वाढतील?"

"नाही. ती चाचणी होऊन गेली."

"मग काय उपयोग?"

"गप गं, बाईंशी असं बोलतात?" आई म्हणाली. पण हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक पद्धत ठेवली. भागायच्या आधी एक ओळ लिहायची: वाटेकरी कोण? पुस्तकातली माणसं होडीला वाटा देत नाहीत, हे मी तिला समजावलं.

"कंजूस हायेत," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलली. त्या दिवशी ती एकदाच पाणी प्यायली. ऊनही होतं.

पुनर्परीक्षेचा तिचा पेपर मुख्याध्यापिकांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. "हे काय लिहिलंय हो तुमच्या मुलीने?" परडीतली बावन्न फुलं चार मुलींनी सारखी वाटून घेतली, असं उदाहरण होतं. खाली तन्वीने लिहिलं होतं: 'वाटेकरी चार मुली. परडीला वाटा नाही. उत्तर १३.'

ती गरजेपेक्षा चार गुण जास्त मिळवून पास झाली. आता सहावीत आहे. डी.एड.ला आणि नंतर कॉलेजात मी जे शिकले, त्याबद्दल मला आदर आहेच. पण हा एक धडा मला तन्वीच्या आईने वर्गाच्या दारात उभ्या उभ्या शिकवला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

हल्ली फुली मारण्याआधी मी मुलाला जवळ बोलावते आणि विचारते, "कसं काढलंस?" दहातली नऊ उत्तरं खरोखरच चुकलेली निघतात. तपासायला वेळही दुप्पट लागतो. तरी विचारते.