शालनवहिनींचा गुलाबी धोका

शालनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाळुंग्याला, कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. आठवड्यापूर्वीच त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. नाकात नळी, आवाज खोल गेलेला... तरी खुणेनं जवळ बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, ह्या भिंतीच्या रंगात काळा जास्त पडलाय. माणूस बरा कसा व्हईल?"

त्यांचे यजमान बाळू पेंटर, आमचे शेजारी, हातानं पाट्या रंगवतात. अक्षर त्यांचं, रंग मात्र वहिनींचा. स्वयंपाक उरकला की त्या डबे घेऊन बसायच्या, कालवलेल्या रंगाचा थेंब नखावर वाळवायच्या आणि मगच डबा द्यायच्या. ओला रंग बघून बोलायचं नाही, हा त्यांचा घरातला कायदा.

एकदा एका लग्नात बाळूभाऊ चारचौघांत बोलून गेले, "पाटीत अक्षर महत्त्वाचं. रंग काय, कुणीबी कालवतंय." वहिनी मागच्याच पंगतीत होत्या. झालं, अबोला! नेमकं तेव्हाच मी भाऊंना आमच्या कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीवर 'धोका' लिहायचं काम मिळवून दिलं होतं. वहिनींनी न बोलता डबा पुढे सरकवला. भाऊंनी तो भिंतीपाशी उघडला, तर आत गुलाबी... लहान मुलीच्या फ्रॉकसारखा! मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"वाळल्यावर लाल व्हईल," भाऊ म्हणाले. पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवून ते सावलीत वाट बघत बसले. वाळल्यावर रंग आणखीच गुलाबी झाला. सेफ्टीचे साहेब आले. "पेंटर, हा धोका आहे की बारसं?"

काम हातचं जाणार हे दिसत होतं. तरी भाऊ म्हणाले, "साहेब, रंग माझ्या बायकोनं कालवलाय. तिचा चुकत न्हाई. तुमच्या भिंतीतच कायतरी हाय."

संध्याकाळी मी हे वहिनींना सांगितलं. आधी त्या पदर तोंडाला लावून हसल्या, मग हातातला डबा खाली ठेवून म्हणाल्या, "मला वाटलं, डबा उघडतील आन् बोंबलत घरी येतील. अख्खी भिंत रंगवली?" दुसऱ्या दिवशी लाल रंगाचा डबा मांडीवर घेऊन, भाऊंच्या स्कूटरवर मागे बसून त्या गेटवर हजर! साहेबांना म्हणाल्या, "भिंत चांगली हाय. चूक माजी." काम वाचलं. येताना दोघं इतकं भांडत आले, की अबोला संपल्याचं साऱ्या आळीला कळलं.

परवा गेलो तर भाऊ एका रसवंतीच्या पाटीसाठी हिरवा रंग कालवत होते. काठी वर उचलून, मान न वळवताच त्यांनी सवयीनं विचारलं, "झाला का गं?"

"झाला, आणतेच," आतून सून म्हणाली आणि चहा घेऊन आली.

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सून बिचारी बघतच राहिली. मग भाऊंनी काठी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "छान जमलाय."

"तुमाला काय कळतंय," ते म्हणाले आणि डब्याला झाकण लावून चहा प्यायला बसले.