लाईन गेली तेव्हा

त्या दुपारी मी मारुतीरायावर मनापासून चिडलो होतो, हे आधीच कबूल करतो.

आमच्या सोनाळ्यात क्रिकेटचा सामना रंगात आला की जागेवरून हलायचं नाही, असा अलिखित नियम आहे. मी उठलो आणि विकेट पडली, असं दोनदा झालेलं. तेव्हापासून पलंगाची उशाकडची बाजू माझी. त्या दिवशी सामना अटीतटीचा झाला आणि छाती कुणी आवळून धरल्यासारखी वाटू लागली. डावा हात जड झाला. मी सकाळच्या भज्यांवर खापर फोडलं.

"अवो, चेहरा पाहा तुमचा. दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"आता उठलो तं विकेट जाईन. चार ओव्हर थांब."

मनात मारुतीरायाला साकडं घातलं, देवा, तेवढ्या वेळात लाईन जाऊ देऊ नको.

आणि लाईन गेली. टीव्ही बंद.

एवढं साधं मागणंही देवाला जड व्हावं! रागारागात शेजाऱ्याकडे मोबाईलवर सामना बघायला निघालो आणि दारातल्या ओट्यावरच बसकण मारली. रस्त्यावर एक अनोळखी, गाद्या भरणारे चाचा मालवाहू ऑटोत कापूस चढवत होते. माझ्याकडे पाहताच हातातला गठ्ठा टाकून आले.

"भाऊ, एवढ्या थंडीत घाम काऊन येऊन राह्यला? मले बी असंच झालं होतं. बोलू नका, चला."

कापसाच्या गठ्ठ्यांवर आडवा होऊन मी बायकोसोबत संग्रामपूरच्या दवाखान्यात पोचलो. हृदयविकाराचा झटका होता. वेळेत आणलं म्हणून वाचलात, डॉक्टर म्हणाले. बायको चाचांचे आभार मानायला बाहेर गेली, तर ते निघून गेलेले. नावही विचारायचं राहिलं.

दोन दिवसांनी शेजारी भेटायला आला. लाईन पाचच मिनिटांत परत आली होती म्हणे. ती गेलीच नसती, तर मी जागा सोडली नसती. माझं मागणं नाकारून देवाने मला उठवलं, असं मी मानतो. कुणी योगायोग म्हणालं तर वाद घालत नाही.

"अन् सामना?" मी हळूच विचारलं.

"जिंकलो ना आपण!"

मला हसू आलं, मग रडूही आलं. इतकी वर्षं मी ती जागा धरून बसलो होतो. आता छातीत धडधड वाढली की उठतो, मारुतीच्या पारावर जाऊन बसतो. विकेट पडायची असेल तर पडते.