सरोवराचा पंचनामा

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने सत्याशी इमान राखले पाहिजे, कारण त्याच्या शब्दावर विसंबून उद्या कोणी अनोळखी माणूस घराबाहेर पडणार असतो. हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होते. दुसऱ्या पानावर मी एका डबक्याला सरोवर म्हटले होते.

मी तेव्हा सेनगावकडच्या एका गावात मास्तर होतो. संस्थानाच्या रिवाजाप्रमाणे शुक्रवारी शाळेला सुट्टी असे आणि माझ्याकडे दुसऱ्याने वापरलेली का होईना, सायकल होती. परदेशातल्या सायकलप्रवासाची एकदोन पुस्तके वाचनात आली होती. त्यांतली माणसे टेकड्या उतरून तळ्याकाठी येत, मग कालव्याच्या काठाने संथपणे सायकली चालवत आणि चहा पीत. मला वाटले, आपल्याकडे काय कमी आहे? टेकड्या तर नको तितक्या आहेत. पाऊस बरा झाला की तळी भरतात. एका जमीनदाराने तळ्यापासून आपल्या उसापर्यंत पाट काढला होता; त्याला कालवा म्हणायला थोडे धाडस लागत होते, एवढेच. त्या आश्विनात मी पाच सायकलमार्ग लिहून काढले. सोबत नकाशे, टेकड्या पेन्सिलीने, पाणी निळ्या शाईने. गावात सायकली तीनच होत्या, आणि बाकीच्या दोघांना कुठे जायचे ते आधीच ठाऊक होते. तरी मी लिहिले.

पुढच्या वैशाखात, म्हणजे १९४८ साली, सायकलची ट्यूब आणायला मी वाशीमकडे निघालो. वाशीम आमच्या संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, नव्याने स्वतंत्र झालेल्या मुलखात. अलीकडच्या नाक्यावर झडती होई. पलीकडे सत्याग्रह्यांचे कॅम्प होते, अलीकडे त्यांची धास्ती. महिन्यापूर्वी आमच्या शेजारच्या गावातल्या शिंप्याच्या पेटीत पलीकडचे जुने वर्तमानपत्र सापडले, म्हणून त्याला हिंगोलीला नेले होते. तो अजून परत आला नव्हता. त्याच्याकडे शिवायला टाकलेला माझा सदराही नाही.

एवढे सगळे माहीत असताना मी ती वही हँडलच्या पिशवीत तशीच ठेवली होती. ती धोक्याची आहे असे मला सुचलेच नाही. मी तिला साहित्य समजत होतो.

नाक्यावरच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, वही उघडली आणि नकाशावर बोट ठेवले.

"मास्टर, ये क्या है?"

"सायकल का रास्ता, साहेब."

"सायकल को तलाव कायकू होना?"

याचे उत्तर त्या पुस्तकांतही नव्हते. साहेबांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी मला मजकूर मोठ्याने वाचून उर्दूत सांगायला लावला. मी वाचले : 'टेकडी उतरताच विस्तीर्ण सरोवर लागते. काठाशी दोन श्याम जलचर पहुडलेले. तेथून कालव्याच्या तीराने अर्धा कोस. येथे क्षणभर जलविहार केला.'

"ये दो काले कौन? नामां बोलो."

"म्हशी आहेत, साहेब. भैंसां."

"तो भैंस कायकू नहीं लिखे?"

त्यांनी पानाचा खालचा कोपरा दाखवला. तो अर्ध्या तळहाताएवढा नाहीसा होता.

"यहाँ क्या था? किसने फाडा?"

"आपोआप फाटलं," मी म्हणालो. हे खोटे होते, पण खरे सांगायची लाज वाटली. शिंप्याचे काय झाले हे माहीत असूनही माणसाला लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळले.

साहेबांनी थोडा विचार केला. मग जमादाराला हाक मारून हुकूम दिला : मास्तरला घेऊन जा. लिहिले आहे ते सगळे जागेवर असेल, तर हा वेडा आहे, सोडून देऊ. नसेल तर तलाव म्हणजे कॅम्प, कालवा म्हणजे चोरवाट, आणि हा आज संध्याकाळी हिंगोलीला.

जमादार इकडचाच, अंगाने भरलेला. तो वही बगलेत मारून कॅरिअरवर बसला आणि मी सायकल हाणू लागलो. दोन कोसांची वाट, बहुतेक चढाची. वर वैशाखाचे ऊन. पहिल्याच चढाला माझा दम संपला.

"जमादार, जरा उतरा."

"न्हाई उतरत. तुमी पळालात तं?"

"मग चढायचं कसं?"

"तुमी ढकला, मी बसतो. ढकलनारा मानूस पळत न्हाई."

याप्रमाणे, खाकी पोते ढकलावे तसा कायदा ढकलत मी टेकडी चढलो. चढता चढता मनात वही उलटत होतो. आश्विनात तळे भरलेले होते. आता काय असेल? वहीत ऋतूचा उल्लेख केला होता का? नव्हता. परदेशी पुस्तकांतही नसतो; तिकडची तळी बहुधा नोकरीत कायम असतात.

टेकडी उतरलो. खाली भेगाळलेली माती पसरली होती आणि मधोमध अंगणाएवढा चिखल.

"सरोवर कुठं हाय?" जमादाराने विचारले.

"हेच."

"हे?"

"पावसाळ्यानंतर भरतं."

त्याने वही उघडून चिखलाकडे पाहिले. चिखलात म्हशी बसल्या होत्या. त्याने बोटाने मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"दोन लिवल्या तुमी. ह्या तीन हायेत."

"तिसरी तेव्हा नसेल."

"मला पटंल हो. पर सायेब इचारतील, तिसरी कवा आली, कुठून आली. सरहद्दीपल्याडून आली म्हन्तील. मंग तिचं नाव तुमालाच सांगाय लागंल."

तो हसला. मलाही हसू आले असते, पण कालवा अजून पुढे होता. "कालवा दाखवा," तो म्हणाला.

कालवा नव्हता. जिथे पाट होता तिथे नांगरट होती. ऊस निघाला, पाटाचे काम संपले, जमीनदाराने रान सपाट केले. मी ढेकळांतून इकडून तिकडे धावलो. एखादी ओली रेघ, दगडांची ओळ, काहीतरी. काहीही नाही. जमादार बांधावर उभा होता. त्याने वही मिटून पुन्हा बगलेत मारली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"चला, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "ऊन उतरायच्या आत हिंगोलीची वाट धरू."

बांधाच्या बाभळीखाली एक धनगरीण शेळ्या बसवून उभी होती. ती मघापासून माझी धावपळ पाहत असावी. कपाळावर हात धरून तिने मला नीट निरखले.

"अवो, तुमी तेच मास्तर न्हवं? पाटात पडलेले?"

मी नाही म्हणणार होतो. देवाची कृपा की जमादार आधी बोलला.

"कोन्त्या पाटात, बाई?"

"ह्याच की. आता नांगरला. दिवाळीच्या आधी हे सायकल घेऊन पाटाच्या कडंनं चालले व्हते, पाय भुईला लागू देत न्हवते. म्या म्हन्लं, काहून असं करून राह्यले? तवर धब्बदिशी आत! वर सायकल, खाली मास्तर. आमच्या मालकानं काठी देऊन वर काढलं. धोतर ह्याच बाभळीवर वाळत घातलं, अन् हे बसले वही घेऊन आमच्याकडं पाठ करून."

"मंग?"

"मंग काय, माझ्या शेळीनं वही खाल्ली. कोपराच गेला. म्या वढली तं म्हने राहू द्या, बाई, कुनाला सांगू नका. म्या कुनाला सांगनार? शेळ्यांला?"

जमादाराने वही उघडली. कोपरा उन्हात धरला. फाडल्याची कड सलग असते, ही दातांनी कुरतडलेली होती. त्याने ती अंगठ्याने चाचपली, मग एका शेळीच्या तोंडाशी नेली. तिने लगेच मान पुढे केली.

"मास्तर," तो म्हणाला, "हे वहीत काहून न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. "जलविहार."

तो बांधावर बसला आणि खांदे हलवत बराच वेळ हसला. मग धनगरणीचे नाव आणि गाव विचारून घेतले, तिचा अंगठा घ्यायला शाई नाही म्हणून हळहळला, आणि परतीच्या वाटेवर उतार असूनही आपणहून खाली उतरून चालला.

नाक्यावर त्याने उर्दूत पंचनामा लिहिला. मी समोर उभा राहून एकेक ओळ उलटी वाचत होतो. तलाव : हंगामी. कालवा : होता, सध्या नांगरलेला. जलविहार : पाण्यात पडणे, साक्षीदार धनगरीण. कोपरा : शेळीने खाल्ला. म्हशींपाशी त्याची लेखणी थांबली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वही पाहिली आणि आकडा टाकला.

अमीनसाहेबांनी वाचून झाल्यावर सही केली. "आइंदा सच लिखना, मास्टर," ते म्हणाले, आणि पुरावा म्हणून वही ठेवून घेतली. प्रवासवर्णनकाराला याहून चांगला उपदेश मला अजून कोणी केलेला नाही. मी मान डोलावली आणि सगळा मजकूर बरोबर आहे म्हणून पंचनाम्यावर सही केली. माझ्या खाली जमादाराने केली.

त्यात म्हशी दोन होत्या. चिखलात तीन होत्या.